मास्तर जेवत नाहीत

१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं कासव पोचलं. तुझ्या खालच्या मजल्यावरचे सुतार काल संध्याकाळी दारात उभे राहिले, हातात बुटांचा खोका, त्याला दोरी बांधलेली आणि आतून खरखर आवाज. "मास्तरांना सांभाळा," एवढं बोलून गृहस्थ निघून गेले. ना चिठ्ठी, ना चपाटी.

तू जिन्यात पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिथून परस्पर तुला परगावच्या त्या चालायला शिकवणाऱ्या केंद्रात नेलं, हे सगळं मला माहीत आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण कासव माझ्याकडे येणार हे मला कुणी विचारलं नव्हतं. फोनवर विचारावं म्हटलं तर तुला माझ्यापेक्षा तिथल्या व्हरांड्यातलीच माणसं जास्त ऐकू येतात. म्हणून हे पत्र.

माझं घर तुला ठाऊक आहे. एक राहायची खोली, एक कामाची, आणि स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून एक बोळ. कामाच्या खोलीत लोकांच्या अर्धवट कवळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि सगळीकडे प्लास्टरची धूळ. त्यात हे पाहुणे. मी त्याला कपडे भिजवायच्या टबात ठेवलंय, मानेपर्यंत पाणी भरून. सारखे हातपाय मारतोय, म्हणजे खुशीत पोहत असावा. माशांचं खाणं आणून वर टाकलं, त्याला तोंडही लावलं नाही.

तर तो काय खातो, किती खातो, दिवसातून कितीदा आणि झोपतो कुठे, हे कळव. मुद्देसूद लिही. तुझ्या पद्धतीने लिहू नकोस.

तुझी भाची
(चाळिशी उलटली माझी. आता तरी गुंडी म्हणणं बंद कर.)


२४ नोव्हेंबर

गुंडे,

आधी त्यांना पाण्यातून काढ. पत्र वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता.

काढलंस? आता बस आणि वाच. मास्तर जमिनीवरचे आहेत. ते पोहत नव्हते, जीव वाचवत होते. त्यांना आंघोळीला बशीभर कोमट पाणी लागतं, तेही हनुवटीच्या खाली. दाताची डॉक्टरमंडळी तुझ्यावर विश्वास कशी टाकतात कोण जाणे.

आणि त्यांना अरेतुरे करू नकोस. माझ्या शिवणकामाचा बोर्ड वाचून लोक वर यायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "मास्तर कुठे आहेत?" बाईमाणूस कपडे बेतते हे त्यांच्या गळी उतरायचं नाही. मग मी टेबलाखाली बोट दाखवायची. तेव्हापासून ते मास्तर.

किती खातात म्हणजे काय, पोट भरेपर्यंत खातात. कोबीचं पान, गाजराची साल, भोपळ्याची पानं, जे असेल ते. माझं जेवण उरकलं की मी कामाला बसते, दुपारभर मशीन आणि इस्त्री चालू असते, आणि ते येऊन माझ्या पायांशी बसतात. मी वरून टाकते, ते खातात. मला सोडून कुठे जात नाहीत. यात मुद्देसूद काय लिहू?

इथलं विचारलं नाहीस तरी सांगते. व्यायाम घेणारी पोरगी मी एक पाऊल टाकलं की 'शाब्बास' म्हणते. जन्मभर मापात कपडे शिवले तेव्हा कुणी शाब्बास म्हटलं नाही, आता पाय उचलला म्हणून म्हणतात. डोकं फिरतं माझं. जेवणाला मीठ नसतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे माझी खाट कोपऱ्यात हीटरजवळ आहे, आणि समोरच्या खाटेवरच्या मुख्याध्यापिका रोज दुपारी खुर्ची ओढून माझ्यापाशी येऊन बसतात. माझ्या गप्पांशिवाय त्यांना आता करमत नाही.

मास्तरांना सांग, मी येतेय.

आत्या


२ डिसेंबर

आत्या,

पाण्यातून काढलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कासव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तळंच येतं. पण हे सोड. तुझा मास्तर जेवत नाही.

कोबी दिला. गाजर दिलं, साल वेगळी आणि किसून वेगळं. भोपळ्याची पानं आणायला भाजीवालीला गळ घातली, ती म्हणाली पानं कोण खातं. मी म्हटलं, कासव. ती आता मला बघितलं की शेजारणीला कोपराने ढोसते. एवढं करून ही स्वारी कपाटाखाली डोकं आत ओढून बसलेली. मी फरशीवर पालथी पडून गाजर नाचवते आणि तो एक डोळा उघडून माझ्याकडे बघतो आणि मिटतो. सकाळी खिडकीतून उन्हाचा पट्टा आला की तेवढा वेळ जरा हलतो. हलतो म्हणजे कपाटाच्या दाराला धडका देतो. वरून घरमालकीण काठी आपटते. तिला मी सांगितलंय की नळात हवा अडकते.

परवा तर हद्द झाली. एका आजोबांची कवळी मेणात तयार होती. ते बिचारे कधीपासून खिमट खाऊन दिवस काढताहेत. गुलाबी मेणाच्या हिरड्या मी खालच्या फळीवर ठेवल्या, फोन घ्यायला वळले, आणि परत येऊन बघते तर हिरडीचा चावा घेतलेला. गिळलाही नाही, तिथेच थुंकून ठेवला. माझं गाजर चावायला ताकद नाही आणि हिरड्या चावायला आहे. दातांच्या डॉक्टरला मी काय सांगू? कासवाने खाल्लं म्हणून? मी सांगितलं की मेण वाकलं. तो म्हणाला, खोली थंड ठेवत जा. अरे, थंडच ठेवते की. बाहेर एवढा गारठा, पण मेण मऊ पडू नये म्हणून मी हीटरला हात लावत नाही, दोन स्वेटर घालून काम करते.

आत्या, त्याचं वजन कमी झालंय. उचलल्यावर हाताला कळतं. तू 'जे असेल ते' असं लिहिलंस, पण जे असेल ते सगळं देऊन झालं. तुला जे माहीत आहे ते नीट आठवून लिही. हा माझ्याकडे मेला तर तू मला जन्मभर ऐकवशील, आणि मलाही ते सहन व्हायचं नाही.

तुझी, पार वैतागलेली,
भाची


८ डिसेंबर

गुंडे,

मला कळलं काय झालंय ते. तुझं पत्र वाचलं त्या क्षणी कळलं. तुला नाही कळायचं, कारण तू माणसांचे दात करतेस, माणसं जवळून बघत नाहीस.

त्यांनी माझा ध्यास घेतलाय. इतकी वर्षं एक दिवस मी त्यांच्या नजरेआड झाले नाही, आणि आता एकदम परकं घर, परकी बाई आणि सगळीकडे दात. मुक्या जिवाने सांगायचं कसं? त्याने अन्न सोडलं. मुख्याध्यापिकांना मी वाचून दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सगळा वॉर्ड सकाळी विचारतो, मास्तर जेवले का?

तर दोन गोष्टी. सुतारांकडे किल्ली आहे. माझ्या घरी जा आणि कामाच्या टेबलाखालची माझी निळी चप्पल घेऊन ये. ती त्यांच्याजवळ ठेव. चपलेला माझा वास आहे, त्यावर ते काही दिवस काढतील.

दुसरी गोष्ट, मी घरी येतेय. वीस तारखेला. डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, तुम्ही काठीवर धड दहा पावलं चालत नाही, तीन मजले कशा चढणार, पुन्हा पडलात तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. मी म्हटलं, घर माझं, जिना माझा, हाड माझं. माझ्या जबाबदारीवर जाते असं लिहून द्यायला सांगितलंय, देईन. सुतारांना म्हणावं, खुर्चीत बसवून वर नेता येईल का बघा. नाहीतर मी बसत बसत चढेन.

माझी वाट बघत कुणीतरी उपाशी बसलंय, आणि मी इथे शाब्बास ऐकत बसू?

आत्या


१३ डिसेंबर

आत्या,

आधी हे वाच. मास्तर जेवला. कोबीची दोन पानं, मग भोपळ्याचं एक, आणि मग माझ्या बोटावर डोळा. पोट भरून जेवला.

आता बाकीचं. तुझं पत्र यायच्या आधीच मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी काय खायला देता हे विचारलंच नाही. पाठीवर तळवा ठेवला आणि विचारलं, हा बसतो कुठे, खोली किती गरम असते? मी अभिमानाने सांगितलं की खोली मी गार ठेवते. ते माझ्याकडे बघतच राहिले. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते म्हणे. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून ते खातच नाही. एका टोकाला दिवा लावा, दुसरं टोक सावलीत ठेवा, त्याचं तो ठरवेल, असं ते म्हणाले. मला काही ते पटलं नव्हतं. तुझ्याकडे तर कधी असला दिवा नव्हता.

मग तुझं पत्र आलं, आणि मी निमूटपणे चप्पल आणायला गेले. तुझे तीन मजले चढताना माझीच दमछाक झाली. टेबलाखाली वाकले. चप्पल मशीनच्या पायट्यापाशी होती, जिथे तुझे पाय असतात; तिथे धूळ आणि दोऱ्यांची गुंतवळ. पण दुसऱ्या बाजूला, जिथे वाफेच्या इस्त्रीची टाकी ठेवलेली असते, तिथली फरशी गुळगुळीत झालीय. टाकीचा रंग खालून घासून गेलाय, बरोबर कासवाच्या पाठीच्या उंचीवर. जिथे रोज दुपारभर पाणी उकळत असायचं.

मी चप्पल तिथेच ठेवली आणि घरी आले. माझा कामाचा दिवा त्याच्या कोपऱ्यात लावला, मी खिडकीच्या उजेडात काम करतेय. दुपारपर्यंत त्याची मान बाहेर आली. संध्याकाळी जेवला.

आत्या, तो तुझ्या पायांशी बसत नव्हता, टाकीशी बसत होता. तुझे पाय मध्ये होते, एवढंच. त्याने कुणाचा ध्यास घेतलेला नाही. त्याला थंडी वाजत होती.

तेव्हा त्याच्यासाठी घरी यायचं काही कारण उरलेलं नाही. तो माझ्या दिव्याखाली झकास आहे. तू लिहून द्यायचं आणि बसत बसत जिना चढायचं हे वेड डोक्यातून काढून टाक. माझा संताप संताप झालाय. तीन आठवडे मी फरशीवर पालथी पडून गाजरं नाचवली, खोटं बोलले, काम खराब झालं, आणि तू म्हणे बसत बसत चढणार. मला एकच आत्या आहे. ती जिन्यात पडलेली मला सापडायला नको आहे.

भाची


२३ डिसेंबर

आत्या,

वीस तारीख होऊन गेली. तुझं पत्र नाही. सुतार म्हणाले, वर कुणी आलेलं नाही. केंद्रात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, आहेत, पण दोन दिवस व्यायामाला उठल्या नाहीत, तोंड भिंतीकडे करून झोपतात.

मी लिहिलं ते खरंच होतं. पण मला दुसऱ्या शब्दांत लिहिता आलं असतं. लिहिताना मी फार चिडलेली होते.

मास्तर जेवतात. आज काकडी खाल्ली.

दोन ओळी तरी लिही.

गुंडी


२९ डिसेंबर

गुंडे,

तुझं तेराचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापिका शेजारी बसल्या होत्या. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले. 'मास्तर जेवला' म्हटल्याबरोबर सगळ्या खाटांवर आनंदीआनंद. पलीकडच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या. पुढचं मी मनात वाचलं.

राग आला असं लिहिणार होते. राग नव्हता, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझी कुणी वाट बघतंय यावर मी इथलं अळणी जेवण गिळत होते, आणि ते तू एका पानात काढून घेतलंस. मग म्हटलं, जाऊन तरी कुणाकडे जायचं? टाकीकडे? म्हणून वीस तारखेला मी कुठेच गेले नाही. शाब्बास म्हणणारीने येऊन हाका मारल्या, मी झोपेचं सोंग घेतलं.

त्यात माझ्या कोपऱ्यातला हीटर बिघडला. दुरुस्तीला नेला. दुपारी बघते तर मुख्याध्यापिकांनी खुर्ची उचलली आणि दुसऱ्या टोकाच्या हीटरपाशी नेऊन ठेवली. तिथल्या बाईंना ऐकूही येत नाही, त्या बोलतही नाहीत. म्हटलं, घ्या, यापण मास्तरच निघाल्या.

दोन दिवसांनी हीटर परत आला. आणि त्याच दुपारी बाई खुर्ची घेऊन हजर. बसल्या, हात शेकले, आणि म्हणाल्या, "भाचीच्या पत्रात पुढे काय होतं? तुम्ही अर्ध्यावर थांबलात." मी सगळं सांगितलं, टाकीचंसुद्धा. आणि तोंडावर विचारलं की तुम्ही हीटरसाठी येता का माझ्याकडे.

त्या म्हणाल्या, "हो. माझे गुडघे धरतात. पण तुम्ही बोलत असता, मग मी ऐकत बसते. तिकडे नुसतंच गरम होतं."

त्यांनी जे सांगितलं ते मला काही फार गोड लागलं नाही, पण मी त्यांना उठवलं नाही. आणि मग मला तुझे शनिवार आठवले.

लहान असताना तू दर शनिवारी माझ्याकडे यायचीस. तुझी आई सगळ्यांना सांगायची, हिला आत्याचा केवढा लळा. मला माहीत होतं तू कशासाठी येतेस ते. तू दारातूनच बटणांचा डबा मागायचीस, माझ्या तोंडाकडे बघायचीसुद्धा नाहीस. टेबलाखाली बसून फरशीवर ओतायचीस आणि रंगारंगाच्या ओळी लावायचीस, जशा आता दातांच्या लावतेस. म्हणून तर तुला गुंडी म्हणायला लागले. मी टाकाऊ कपड्यांची बटणं उसवून त्यात टाकत राहिले, की तुला दर वेळी एखादं नवीन सापडावं. तू बटणांसाठी येतेस याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. तू यायचीस.

तर मास्तरांवरही मी रुसून काय करू? दिवा रात्री बंद करत जा, दिवसा विसरू नकोस. डॉक्टरांना सांगितलंय, तुम्ही सोडाल तेव्हा जाईन. काल काठीवर दारापर्यंत गेले. पोरगी शाब्बास म्हणाली. या खेपेला माझं डोकं फिरलं नाही.

आत्या


६ जानेवारी

प्रिय आत्या,

खोटं कशाला बोलू, बटणांसाठीच यायचे. त्यातलं एक हिरवं, काचेचं, मी चोरलंही होतं.

काल पुन्हा तुझ्याकडे गेले होते. डबा मशीनच्या खणात सापडला. मला वाटलं होतं रिकामा असेल, किंवा नसेलच. शनिवारी यायचं मी सोडलं त्याला किती काळ लोटला, मला आठवतही नाही. डबा काठोकाठ भरलेला आहे, झाकण बसत नव्हतं. वरचा थर नवा आहे. अजून दोरे लटकताहेत त्यांना. मी तुझ्या जिन्यात बसून घेतलं थोडा वेळ. सुतारांना वाटलं मला चक्कर आली.

मग त्यांना हाताशी धरून तुझं मशीन, टेबल आणि टाकी माझ्याकडे आणली. सारखं 'सांभाळून, सांभाळून' करत होते, मीच टाकी दोनदा भिंतीवर आपटली. माझं घर तळमजल्यावर आहे, एक उंबरा सोडला तर चढायला काही नाही. मेण आणि कवळ्या मी स्वयंपाकघराच्या बोळात हलवल्यात, तिथे गारच असतं. आता स्वयंपाक कुठे करायचा हा प्रश्न आहे, तो तू आल्यावर बघू. घरमालकीण खाली येऊन सगळं बघून गेली, मास्तरांनाही. मी म्हटलं आता ही घर रिकामं करायला सांगणार. तिने विचारलं, पडद्यांची लांबी वाढवून मिळेल का?

मास्तरांच्या धडका अजून चालू आहेत. कपाटाच्या दाराचा कोपरा पार गेला. सकाळी टाकी पेटवून बघितली. ते दिव्याखालून निघाले, अख्खी खोली पार केली, वाटेत माझ्या पायावरून गेले, आणि टाकीला पाठ लावून बसले. मग बराच वेळ मशीनच्या पायट्याकडे बघत होते. का ते मला माहीत नाही, आणि डॉक्टरांनाही मी विचारणार नाही.

तुझे डॉक्टर सोडतील तेव्हा मी न्यायला येईन. माझ्याकडेच ये. टाकीसाठी ये, मास्तरांसाठी ये, नाहीतर जेवणात मीठ असतं म्हणून ये. कशासाठी आलीस ते मी विचारणार नाही.

गुंडी